आधी भिंत रंगवा: घरातल्या शांत क्षणाचं वास्तववादी तैलचित्र, नवशिक्यांसाठी

खिडकीशी बसून कुणीतरी शिवतंय. खोलीत बोलणं नाही, कसली घाई नाही. तैलरंगांकडे वळणाऱ्या अनेकांना असं दृश्य कधी ना कधी रंगवावंसं वाटतं, आणि बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मीही तेच केलं होतं. चेहरा बरा उतरला, बोटंही जमली, पण ती खोली काही केल्या शांत वाटेना. बाईमागची भिंत मी उरलेली जागा समजून एकाच करड्या रंगाने भरून टाकली होती. खिडकीतून आलेला प्रकाश त्या भिंतीवरून कसा सरकत जातो, हे पाहिलंच नव्हतं. पुढे बऱ्याच चित्रांनंतर पटलं की अशा चित्रात शांतता चेहऱ्यावर कमी आणि भिंतीवर जास्त असते. म्हणून या लेखात भिंतीचा विषय पुन्हा पुन्हा येणार आहे.

ब्रश हातात घेण्याआधी

दोन-तीन चित्रं सावकाश बघा. पहिलं सतराव्या शतकातल्या योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं 'दूध ओतणारी बाई'. साधारण १६५७-५८ मधलं हे चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आकार जेमतेम ४५.५ × ४१ सेंटिमीटर. एक बाई भांड्यात दूध ओततेय, एवढंच त्यात घडतं. आता बाईकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघा. तिथे खिळा आहे, खिळ्यांची जुनी भोकं आहेत. डावीकडे खिडकीच्या लगतची भिंत काळपट आहे आणि उजवीकडची उजळ. हे पहिल्यांदा उलटं वाटतं, कारण खिडकीजवळ जास्त उजेड असावा अशी आपली समजूत असते. पण खिडकीला लागून काटकोनात असलेल्या भिंतीवर प्रकाश तिरका घासून जातो. तो नीट पोचतो थोडा पुढे, आणि तिथून लांब जाताना पुन्हा मंदावतो. स्वतःच्या खोलीत दुपारी उभं राहून हे तपासा, लगेच दिसेल.

याच चित्राबद्दलची आणखी एक गोष्ट नवशिक्यांना फार उपयोगी आहे. २०२२ साली राइक्सम्युझियमने त्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. बाईच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी भांडी अडकवायची फळी रंगवायला घेतली होती आणि खाली उजवीकडे निखाऱ्यांची टोपली. दोन्ही त्याने स्वतःच झाकून टाकल्या. आज आपल्याला जी मोकळी भिंत दिसते ती त्याने वस्तू काढून मिळवलेली आहे.

व्हर्मीरला वास्तववादी हे बिरुद त्याच्या काळात नव्हतं. ते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधलं. ग्युस्ताव कुर्बेने १८४९च्या पॅरिस सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात 'ऑर्नांमध्ये जेवणानंतर' हे चित्र लावलं. जेवण उरकलंय, एक जण व्हायोलिन वाजवतोय, बाकीचे ऐकत बसलेत, खुर्चीखाली कुत्रा झोपलाय. चित्र मात्र जवळजवळ दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद. त्या मापाचा कॅन्व्हास तोवर देवादिकांच्या, राजांच्या आणि लढायांच्या प्रसंगांसाठी राखलेला असायचा. घरगुती संध्याकाळीला तेवढी जागा देणं हीच कुर्बेची भूमिका होती. तुम्ही दोन मीटरचा कॅन्व्हास घेऊ नका, पण जेवणानंतरचं टेबल मोठ्या चित्राइतकं गंभीरपणे घेता येतं, हा भरवसा त्याच्याकडून जरूर घ्या.

तिसरा डेन्मार्कचा विल्हेल्म हामर्सहॉय. कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड ३० या घरात तो १८९८ ते १९०९ राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. कित्येक चित्रांत त्याची बायको ईडा पाठमोरी आहे. १९०० सालच्या एका चित्रात तर माणूसही नाही. बंद दार, खिडकी, उन्हाचा तिरपा झोत आणि त्यात तरंगणारी धूळ.

या चित्रांपैकी एक छापील किंवा पडद्यावर समोर ठेवा आणि डोळे किलकिले करा. तपशील पुसले जातील, उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतील. ते तुकडे पत्त्याच्या पानाएवढ्या कागदावर पेन्सिलीने, फक्त तीन छटांत उतरवा: उजळ, मधली, गडद. अशी दहा चित्रं केलीत तर पुढचा अर्धा रस्ता सरला.

खोली आणि खिडकी

एकच खिडकी उघडी ठेवा. बाकीच्या खिडक्यांवर जाड कापड टाका आणि खोलीतला दिवा बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खोडतात आणि वस्तूंचा घाट हरवतो. खिडकी शक्यतो थेट ऊन न येणारी असावी. उत्तर गोलार्धात चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करतात ती यासाठीच, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. तशी खिडकी नसेल तर रोज एकाच वेळी, दीड-दोन तास काम करा. ऊन जागेवरून हललं की ब्रश खाली ठेवायचा. सकाळची एक सावली आणि दुपारची दुसरी अशा दोन्ही एकाच चित्रात आल्या तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल.

दिव्याच्या उजेडातलं दृश्य हवं असेल तर तेही सुंदर होतं. फ्रेंच चित्रकार ज्यां-फ्रांस्वा मिलेचं 'दिव्याच्या उजेडात शिवणारी बाई' हे १८७०-७२ मधलं चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे, ते बघा. पण पहिलं चित्र दिवसाच्या उजेडातच करा. दिव्याखाली तुमच्या पॅलेटवरचे रंगही पिवळट दिसतात, आणि सकाळी चित्र पाहिल्यावर धक्का बसतो.

खोलीत वस्तू कमी ठेवा. एक टेबल, एक खुर्ची, एक भांडं, एखादं कापड. पांढरं कापड जरूर असू द्या, कारण खिडकीचा उजेड किती थंड आहे आणि सावली किती ऊबदार आहे हे सगळ्यात आधी त्यावर कळतं.

माणूस काय करतोय

पुन्हा पुन्हा तीच हालचाल असलेलं काम निवडा: शिवणं, विणणं, वाचणं, भांडं पुसणं, पत्र लिहिणं. अशा कामात शरीर एका ठरावीक ठेवणीत परत परत येतं, म्हणून तुमची नजर थोडी इकडे-तिकडे झाली तरी ती ठेवण पुन्हा सापडते. समोर बसणाऱ्याला दर वीस मिनिटांनी उठू द्या. खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा, नाहीतर परत बसल्यावर खांद्याचा कोन बदललेला असतो.

नजर कामावर असावी, तुमच्याकडे नको. माणसाने चित्राबाहेर बघितलं की ते व्यक्तिचित्र होतं, खोली मागे सरते. आणि हसायला तर सांगूच नका. पाठमोरी किंवा तीन-चतुर्थांश वळलेली आकृती नवशिक्यासाठी सोपीही असते आणि चित्रासाठी चांगलीही.

फोटोवरून करायचं असेल तर एक अडचण ओळखून ठेवा. कॅमेरा खिडकी एकदम पांढरी करतो किंवा सावली एकदम काळी. डोळ्यांना त्या सावलीत टेबलाचा पाय, जमिनीचा रंग, भिंतीचा परतलेला उजेड सगळं दिसत असतं. फोटो ठेवणीसाठी वापरा. छटा मात्र खोलीत बसून, निदान एक छोटा रंगीत अभ्यास करून घ्या.

साहित्य

कॅन्व्हास ४० × ५० सेंटिमीटरच्या आसपास पुरे. तयार जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, लावलेला मिळतो, त्यावर आणखी दोन पातळ हात द्या आणि मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा. ब्रिसलचे, म्हणजे राठ केसांचे, चपटे ब्रश तीन मापांत, मऊ केसांचे दोन, आणि रंग मिसळायला एक पॅलेट नाइफ.

रंग कमी घ्या. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक, एवढ्यात घरातलं जवळपास सगळं रंगवता येतं. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून सुरेख गडद करडा मिळतो. अंबर वाढवला तर ऊबदार, निळा वाढवला तर थंड. भिंतीचे सगळे करडे याच दोघांत पांढरा आणि चिमूटभर ऑकर घालून होतात. भडक लाल, भडक हिरवा घेऊच नका. हाताशी असला की तो वापरला जातो.

पांढऱ्याबद्दल एक सूचना. झिंक व्हाइटचे थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतात, म्हणून मुख्य पांढरा म्हणून तो नको. लेड व्हाइट विषारी आहे. सुरुवातीला टिटॅनियमच बरा.

पातळ करायला टर्पेंटाइन किंवा कमी वासाचं मिनरल स्पिरिट, आणि जवसाचं तेल. खोलीत हवा खेळती हवी. आणि हे फार गांभीर्याने घ्या: जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पांढरा कॅन्व्हास मोडून काढा

पांढऱ्या कॅन्व्हासवर प्रत्येक रंग गडद दिसतो, त्यामुळे हात उजळाकडे झुकतो आणि चित्र फिकट होतं. म्हणून बर्न्ट अंबर स्पिरिटमध्ये पातळ करून सगळीकडे फासा, फडक्याने पुसा. मध्यम तपकिरी छटा राहील. एक दिवस वाळू द्या.

रेखाटन

पहिली रेघ डोळ्यांच्या पातळीची. तुम्ही बसला आहात की उभे, यावर ती ठरते. खाली बसून काढलं तर टेबलाचा पृष्ठभाग अरुंद दिसतो आणि उभी असलेली व्यक्ती भारदस्त होते. व्हर्मीरने दूध ओतणाऱ्या बाईला तसंच खालून पाहिलंय, म्हणूनच एवढ्याशा चित्रात ती खांबासारखी उभी आहे. उभं राहून काढलं की जमीन जास्त दिसते आणि माणूस खोलीत लहान होतो.

खोलीच्या आत शिरणाऱ्या सगळ्या समांतर रेषा, म्हणजे खिडकीच्या चौकटी, टेबलाच्या कडा, फरशांच्या रांगा, त्या पातळीवरच्या एका बिंदूत मिळायला हव्यात. व्हर्मीरच्या अनेक चित्रांत त्या बिंदूच्या जागी टाचणीचं बारीक छिद्र सापडलं आहे. तिथे टाचणी टोचून, दोरा ताणून तो रेषा आखत असावा. तुम्हीही असंच करा. कॅन्व्हासवर टाचणी, तिला दोरा, दोऱ्याला खडू. पाच मिनिटांत सगळी खोली सरळ होते.

रेखाटन पातळ अंबरने, ब्रशनेच करा. माणूस चौकटीच्या बरोबर मध्ये नको. आणि मोकळ्या भिंतीला कॅन्व्हासचा निदान तिसरा हिस्सा द्या. तो भाग रिकामा सोडायचा धीर होत नाही, मन म्हणतं इथे एखादं चित्र टांगू, एखादं घड्याळ लावू. नका लावू.

एका रंगात पूर्ण चित्र

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो, आणि मला सगळ्यात जास्त आग्रह हिचाच करायचा आहे. फक्त बर्न्ट अंबर आणि स्पिरिट घेऊन, पांढरा न वापरता, अख्खं चित्र करा. गडद हवं तिथे रंग लावा, उजेड हवा तिथे फडक्याने पुसून खालची फिकट छटा बाहेर काढा.

इथेही क्रम ठरलेला: आधी भिंत, मग जमीन, मग टेबल, शेवटी माणूस. भिंतीवर प्रकाश कुठे सुरू होतो, कुठे भरतो, कुठे ओसरतो ते पुसून-पुसून ठरवा. या सरकत्या छटेत कुठेही पट्टा दिसता कामा नये. मग माणसाची कडा त्या भिंतीवर तपासा. प्रकाशातला गाल गडद भिंतीसमोर आणि सावलीतली पाठ उजळ भिंतीसमोर आली तर आकृती रेघ न ओढता उठून येते. तशी येत नसेल तर खुर्ची हातभर सरकवा. माणसाला पुन्हा बसवायला लागलं तरी चालेल, या टप्प्यावर काहीही बदलता येतं.

काम झाल्यावर आरशात उलटं बघा. मोबाइलवर काळ्या-पांढऱ्यात फोटो काढा आणि अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. तेवढ्या मापातही खोली ओळखू आली, माणूस कुठे बसलाय ते कळलं, तर पुढे जा. नाहीतर पुसा. अंबर लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत पुढच्या थराला तयार होतो.

रंगाचा पहिला थर

पॅलेटवर आधी भिंतीचे पाच करडे मिसळून ठेवा, उजळापासून गडदापर्यंत. प्रत्येक नाइफच्या टोकावर घेऊन खऱ्या भिंतीसमोर धरा आणि एक डोळा मिटून ताडून बघा. बहुतेकांना धक्का बसतो की 'पांढरी' भिंत सावलीत किती गडद असते.

खिडकीचा उजेड थंड असेल तर सावल्या त्यामानाने ऊबदार दिसतात. दिव्याखाली उलट होतं. पण सावलीत सरसकट तपकिरी ओतू नका. जमिनीवरून परतलेला उजेड टेबलाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली लागतो, त्या जमिनीचा रंग तिथे शोधा.

चपट्या ब्रशने मोठे तुकडे भरा. डोळा, बटण, सुई यांना अजून वेळ आहे. सगळ्यात उजळ जागा एकच ठरवा, बहुधा ती पांढऱ्या कापडावर किंवा कपाळावर असेल, आणि शुद्ध पांढरा तिथल्यासाठी राखून ठेवा. इतरत्र हात आखडता घ्या. चित्रात पाच ठिकाणी चकाकी असली की पाच माणसं एकदम बोलल्यासारखं होतं.

पुढचे थर

तैलचित्राचा मूळ नियम: खाली कमी तेल, वर जास्त तेल. पहिला थर स्पिरिटने पातळ, दुसऱ्यात थोडं तेल, तिसऱ्यात आणखी थोडं. कमी तेलाचा थर लवकर वाळतो. त्याच्याखाली तेलकट थर ओला राहिला तर तो पुढे हलत राहतो आणि वरचा तडकतो. सगळे रंग सारख्या वेगाने वाळत नाहीत हेही लक्षात असू द्या. अंबर भराभर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि टिटॅनियम व्हाइट रेंगाळतात. म्हणून खालच्या थरात काळा जाड लावू नका. दोन थरांमध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या आणि बोटाला चिकट लागतंय का बघा.

वाळल्यावर काही गडद भाग निस्तेज, राखेसारखे दिसतील. तेल खालच्या थराने शोषलेलं असतं, रंग बिघडलेला नसतो. त्या जागी तेलाचा अगदी पुसट हात फिरवून जादाचं तेल फडक्याने टिपून घ्या. खरी छटा परत येते, आणि मगच तिच्याशेजारी नवा रंग जुळवा. हे न करता मी एकदा ती राखाडी छटा खरी मानून पूर्ण कोपरा पुन्हा रंगवला होता. पुढे तेल लागल्यावर तो कोपरा खड्ड्यासारखा काळा झाला.

कडा

शांत चित्रात बहुतेक कडा मऊ असतात. केस आणि भिंत, बाही आणि सावली, टेबलाची पलीकडची बाजू इथे ओल्या रंगावर कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवून कडा विरघळवा. धारदार कडा दोन-तीनच ठेवा, काम चाललंय तिथे: सुई धरलेली बोटं, पुस्तकाचं पान. नजर आपोआप तिथे जाऊन थांबते. हातांसाठी बोटं मोजत बसू नका. हात हा आधी एक तुकडा, त्यावर एक प्रकाशातली बाजू आणि एक सावलीतली. बोटांच्या फटी शेवटी, दोन-चार गडद स्पर्शांत.

काढून टाकणं

चित्र झालं असं वाटलं की ते आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग वळवून बघा आणि प्रत्येक वस्तूवर अंगठा धरा. अंगठ्याखाली ती वस्तू झाकल्यावर चित्र बरं दिसलं तर ती जायला हवी. कितीही मेहनतीने रंगवलेली असो. ज्या भिंतीचे करडे तुम्ही मिसळले होते तेच पुन्हा मिसळा आणि तिथली छटा पुढे चालू ठेवा. थर फार जाड झाला असेल तर आधी पॉलिश पेपरने हलकेच उतरवा, नाहीतर काही वर्षांनी तिचा उंचवटा तिरक्या उजेडात दिसत राहतो.

वाळवणं आणि व्हार्निश

वाळताना चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या खोलीत, धूळ बसणार नाही असं उभं ठेवा. पातळ थरांच्या चित्राला व्हार्निशसाठी निदान सहा महिने द्या, जाड थर असतील तर वर्षभर. त्या दिवशी चित्र आडवं ठेवून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, रुंद ब्रशने पातळ हात एका दिशेने द्या आणि खिडकीकडे तिरकं बघून कोरडा राहिलेला पट्टा शोधा. तो बहुधा भिंतीवरच सापडेल, कारण सगळ्यात मोठी सपाट जागा तीच आहे. हात ओला असतानाच तो भरून घ्या.